जर्मनीत भारतीय लायसन्सवर गाडी: सहा महिन्यांचं घड्याळ आणि इन्शुरन्सची भानगड

पुण्यात चौदा वर्षं गाडी चालवली, नवले ब्रिजचा उतार, चाकणचा ट्रॅफिक, गणपतीत लक्ष्मी रोड, सगळं झालंय, मग जर्मनीच्या मोकळ्या रस्त्यांवर काय अवघड असणारे, असं मलाही वाटलं होतं. त्या चौदा वर्षांची इथं किंमत किती, तर साधारण सहा महिने. म्हणजे तुम्ही इथे राहायला आलात की सहा महिने तुमचं भारतीय लायसन्स चालतं आणि त्यानंतर ते फक्त प्लॅस्टिकचं कार्ड. दर वर्षी कोणी ना कोणी ओळखीतला सातव्या नाहीतर आठव्या महिन्यात विचारतो की "अगं लायसन्सचं काय करायचं असतं गं", म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. मी स्टुटगार्टच्या बाजूला राहते, त्यामुळे उदाहरणं इकडची, पण लायसन्सचा कायदा अख्ख्या देशात एकच आहे.

आधी तुम्ही कोण ते ठरवा. फिरायला आला असाल किंवा मुलाकडे-मुलीकडे व्हिजिटर व्हिसावर दोन-तीन महिने आला असाल, इथे घर केलेलं नसेल, तर सहा महिन्यांची भानगड तुम्हाला नाही, भारताचं चालू लायसन्स आणि सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट असलं की गाडी चालवता येते. नोकरीला, शिकायला किंवा नवऱ्या-बायकोबरोबर राहायला आला असाल आणि आनमेल्डुंग केलं असेल, म्हणजे पत्त्याची नोंदणी, तर तुमचं घड्याळ चालू झालं. मध्ये तीन आठवडे दिवाळीला घरी जाऊन आलात म्हणून ते परत शून्यापासून सुरू होत नाही, हा गैरसमज इतक्या लोकांना आहे की विचारू नका. एक सवलत आहे, तुमचा मुक्कामच बारा महिन्यांपेक्षा जास्त नसणार हे तुम्ही कागदानिशी दाखवलंत, उदाहरणार्थ कंपनीनं वर्षभरासाठीच पाठवलंय, तर इथल्या लायसन्सच्या सरकारी ऑफिसकडून मुदत वाढवून मिळू शकते, पण तसा अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही.

आणखी दोन गोष्टी याच्यातच. लर्निंग लायसन्स इथे चालत नाही. आणि जर्मनीत राहायला आल्यानंतर सुट्टीत भारतात जाऊन पटकन लायसन्स काढून आणलं तर ते पण चालत नाही, कारण ज्या तारखेला ते मिळालं त्या तारखेला तुमचं घर जर्मनीत होतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलानं ही आयडिया केली होती, तिकिटाचे पैसे गेले आणि वर इथं पहिल्यापासून क्लास लावायला लागला.

निघायच्या आधी भारतात काय करायचं

इंटरनॅशनल परमिट काढून या. ते तुमच्या पत्त्याच्या आरटीओतून मिळतं, पिंपरी-चिंचवडचे असाल तर पिंपरी-चिंचवड, पुण्याचे असाल तर पुणे. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फॉर्म ४ए, फी १,००० रुपये, लायसन्स आणि पासपोर्ट लागतो. मेडिकल आणि व्हिसाची अट केंद्र सरकारनं जानेवारी २०२१ मध्ये काढली, पण काउंटरवरचा माणूस मागूच शकतो, त्यामुळे व्हिसाची आणि तिकिटाची झेरॉक्स पिशवीत असू द्या, वाद घालण्यापेक्षा ते सोपं. परमिटची मुदत एक वर्ष किंवा तुमच्या लायसन्सची मुदत, जे आधी संपेल ते. त्यामुळे मूळ लायसन्स लवकरच संपणार असेल तर आधी ते रिन्यू करा, इथे बसून ते करणं म्हणजे डोक्याला ताप.

परमिट हे काही वेगळं लायसन्स नाही, तुमच्या लायसन्सचं पुस्तकातलं भाषांतर आहे एवढंच समजा, म्हणून दोन्ही सोबत ठेवायची. आणि ऑनलाइन जाहिराती असतात ना, 'घरबसल्या इंटरनॅशनल लायसन्स, दहा वर्षं व्हॅलिड', तिकडे एक रुपया घालवू नका, हे दहा वर्षांचं मिळतच नाही. परमिट न काढताच आला असाल तर इथे लायसन्सचं जर्मन भाषांतर करून घेता येतं, शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडून किंवा आडाक म्हणजे इथल्या मोठ्या ऑटोमोबाइल क्लबकडून. आपलं कार्ड इंग्लिशमध्येच आहे मग भाषांतर कशाला, हे मी पण विचारलं होतं. तर लागतं. पुढे लायसन्स बदलायच्या अर्जाला लागतंच, त्यामुळे ते पैसे तसे वाया जात नाहीत.

सहा महिने उलटल्यावर चालवली तर

काही नाही हो, कोण पकडतंय, असं म्हणणारे भेटतात. मुदतीनंतर चालवणं म्हणजे इथल्या कायद्यानं विनालायसन्स गाडी चालवणं, आणि तो सिग्नल तोडल्यासारखा दंड भरून सुटायचा प्रकार नाही, फौजदारी गुन्हा आहे, दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. ज्यानं स्वतःची गाडी तुम्हाला जाणूनबुजून दिली त्याच्यावर पण केस होते, म्हणजे रूममेटची गाडी घेऊन गेलात तर तो पण अडकला.

पण मला खरी भीती इन्शुरन्सची वाटते. विनालायसन्स असताना कुणाला ठोकलंत तर कंपनी समोरच्याला भरपाई देते, कारण कायद्यानं तिला द्यावीच लागते, आणि मग ५,००० युरोपर्यंत तुमच्याकडून वसूल करू शकते. तुमच्या स्वतःच्या गाडीचं जे नुकसान झालं त्याचे पैसे विसराच. म्हणजे लायसन्स गेलं की इन्शुरन्स कागदावर राहतो, तुमच्या बाजूनं उभा राहत नाही.

उमश्रायबुंग

भारतीय लायसन्स देऊन जर्मन लायसन्स घेणं, याला उमश्रायबुंग म्हणतात. जपान, दक्षिण कोरिया वगैरे काही देशांच्या लोकांना नुसतं कार्ड बदलून मिळतं. आपला देश त्या यादीत नाही, त्यामुळे आपल्याला लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. समाधान एवढंच की नवीन शिकणाऱ्याला जे थिअरीचे क्लास आणि हायवेच्या, रात्रीच्या, गावाबाहेरच्या मिळून बारा सक्तीच्या राइड कराव्या लागतात त्या आपल्याला सक्तीच्या नाहीत. फारशूले, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूल, मात्र पकडावंच लागतं कारण परीक्षा त्यांच्याच गाडीत आणि त्यांचा मास्तर शेजारी बसवूनच होते. फोन करताना पहिल्याच वाक्यात उमश्रायबुंग आहे म्हणून सांगा, नाहीतर ते नव्या शिकाऊचं पॅकेज गळ्यात मारतात, माझ्या बाबतीत पहिल्या स्कूलनं अगदी तेच केलं होतं.

कागद कुठले, तर पासपोर्ट, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, बायोमेट्रिक फोटो, मूळ लायसन्स, त्याचं भाषांतर, डोळे तपासल्याचा कागद आणि फर्स्ट एडचा कोर्स केल्याचा कागद. डोळे कुठल्याही चष्म्याच्या दुकानात पाच मिनिटांत होतात. फर्स्ट एडचा कोर्स एक अख्खा शनिवार खातो, ४५ मिनिटांचे नऊ तास, रबरी बाहुलीच्या छातीवर दाबून दाबून हात भरून येतात, पण मोठ्या शहरात तो इंग्लिशमध्ये मिळतो. हे सगळं घेऊन तुमच्या गावच्या फ्यूररशाइनश्टेलेत, म्हणजे लायसन्सच्या ऑफिसात, अर्ज टाकायचा. आणि मग वाट बघायची. आमच्याकडे मंजुरी यायलाच जवळजवळ दोन महिने गेले, म्हणून सांगते की पाचव्या महिन्यात जागे होऊ नका, पहिल्याच महिन्यात अर्ज टाका, घरात फर्निचर नंतर आलं तरी चालेल.

लेखी परीक्षा टॅबलेटवर किंवा कॉम्प्युटरवर, ३० प्रश्न, चुकीचे गुण जास्तीत जास्त १० चालतात, पण पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर नापास. मराठी-हिंदी नाही, इंग्लिश आहे, तेवढं पुरे. फक्त ते इंग्लिश जर्मनमधून उचललेलं असतं त्यामुळे वाक्य दोनदा वाचायचं, आणि तीन पर्यायांपैकी दोन किंवा तिन्ही बरोबर असू शकतात, आपल्याला एकच बरोबर असतं अशी शाळेपासूनची सवय, तिथंच लोक पडतात. प्रश्न हजाराच्या वर आहेत, ॲप घ्या, रोज ट्रेनमध्ये अर्धा तास, महिन्याभरात होतं. ब्रेकिंग डिस्टन्सचे आकडे काढायचं गणित पण असतं, वेग भागिले दहा, त्याचा वर्ग, सातवीतल्या मुलाला येईल असं.

रस्त्यावरची परीक्षा

इथे मी पहिल्यांदा नापास झाले, त्यामुळे जरा सविस्तर.

परीक्षा साधारण ५५ मिनिटांची असते. मास्तर शेजारी, परीक्षक मागच्या सीटवर वही घेऊन, आणि सूचना जर्मनमध्ये. सूचना ठरावीक असतात, पुढे उजवीकडे, पुढच्या चौकात डावीकडे, इथे गाडी लावा, तेवढं जर्मन पाठ करता येतं. मला पंचवीस मिनिटं काही झालं नाही. मग एका घरांच्या वस्तीत शिरलो, ताशी तीस किलोमीटरची झोन, रस्ता सरळ, दोन्ही बाजूला गाड्या लावलेल्या, आणि उजवीकडून एक बारकी गल्ली येऊन मिळत होती. गल्ली कसली, आपल्याकडे सोसायटीचं गेट मोठं असतं त्याहून. मी आपली सरळ निघाले. शेजारी मास्तरचा पाय हलला, त्याच्या पेडलचा बझर वाजला, गाडी जागेवर थांबली, आणि समोरून एक आजोबा निळ्या गाडीतून शांतपणे वळून गेले. मागून आवाज आला, पुढे उजवीकडे थांबा. मास्तरनं ब्रेक मारला की संपलं, तिथे चर्चा नसते.

नियम असा की चौकात बोर्ड नसेल, सिग्नल नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, रेश्ट्स फोर लिंक्स. तुमचा रस्ता रुंद आहे, तुम्ही सरळ जाताय, याला काही अर्थ नाही. आपल्याकडे ज्यानं आधी नाक घातलं तो पहिला, नाहीतर ज्याची गाडी मोठी तो, त्यामुळे हे पायात उतरायला वेळ लागतो. वस्तीत प्रत्येक बारक्या गल्लीला पाय ब्रेकवर नेऊन मान उजवीकडे, परीक्षकाला ती मान दिसली पाहिजे.

मानेवरून आठवलं, शुल्टरब्लिक. लेन बदलताना, वळताना, कडेची गाडी बाहेर काढताना आरशात बघून पुरत नाही, खांद्यावरून मागे वळून बघायचं, कारण उजवीकडून सायकलवाला सरळ जाणार असतो आणि हक्क त्याचा असतो. नुसते डोळे फिरवून चालत नाही, हनुवटी खांद्यापर्यंत गेली पाहिजे. वर्षानुवर्षं गाडी चालवलेले आपले लोक याच्यावरच सगळ्यात जास्त पडतात, नवीन पोरं नाही पडत कारण त्यांना जुनी सवयच नसते.

बाकी भराभर सांगते. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं, स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हातात, पहिले दोन दिवस डावा हात दारावर आपटतो. आपली वॅगनआर किंवा आय-ट्वेंटी असेल तर इंडिकेटर उजवीकडे असायचा, इथे तो डावीकडे, मी वळताना वायपर लावायचे भर उन्हात, भारतात पोलो चालवलेल्यांना हा त्रास नाही. लाल सिग्नलच्या बाजूला हिरव्या बाणाचा छोटा पत्रा असेल तर उजवीकडे वळता येतं, पण आधी पूर्ण थांबून, चाकं थांबली पाहिजेत. झेब्रावर कुणी पाय ठेवायच्या बेतात असेल तरी थांबायचं. ऑटोबानवर उजवीकडून ओव्हरटेक नाही. हॉर्न गावात फक्त खरोखर धोका असेल तर, नाहीतर हात तिकडे नेऊच नका. आणि परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिलीत तर कार्डावर ७८ नंबर पडतो, मग गिअरची गाडी चालवता येत नाही, त्यातून सुटायला १९७ नंबरचा एक मार्ग आहे, तुमच्या केसमध्ये तो लागतो का ते फारशूलेला आधीच विचारून घ्या.

सराव कुठे करायचा? नवऱ्याला शेजारी बसवून रस्त्यावर नाही, सहा महिने संपले असतील तर अजिबात नाही, इथे एल बोर्ड हा प्रकारच नाही. फेअरकेअर्स-युबुंग्सप्लाट्स नावाची बंद मैदानं असतात, तिकीट काढून आत आपली गाडी नेता येते, तिथे पार्किंगचा आणि घाटासारख्या चढावर गाडी उठवायचा सराव होतो. मी नापास झाल्यावर तीन लेसन जास्तीचे घेतले, तिन्हीत फक्त वस्तीतल्या गल्ल्या, आणि दुसऱ्या खेपेला सुटले.

गाडी घेताना इन्शुरन्स

इथे इन्शुरन्स आधी आणि नंबर प्लेट नंतर. कंपनी तुम्हाला सात अक्षरी-आकडी कोड देते, त्याला ईफाउबे नंबर म्हणतात, तो दाखवल्याशिवाय त्स्युलासुंगश्टेले, म्हणजे गाडी रजिस्टर करायचं ऑफिस, तुमच्याकडे बघत पण नाही.

प्रकार तीन. हाफ्टफ्लिश्ट म्हणजे आपलं थर्ड पार्टी, ते सक्तीचं. टाइलकास्को घेतलंत तर चोरी, आग, गारपीट, काच फुटणं, हरीण आडवं येणं हे येतं, आणि बऱ्याच पॉलिसींत मार्डरनं कुरतडलेल्या वायरीसुद्धा. मार्डर म्हणजे मुंगसासारखा प्राणी, रात्री बॉनेटखाली उबेला शिरतो आणि वायरी-पाइप चावतो, मला वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय, पहिल्याच हिवाळ्यात शेजाऱ्यांची गाडी त्यानं बंद पाडली. फोलकास्को म्हणजे आपण ज्याला फर्स्ट पार्टी म्हणतो, तुमच्या चुकीनं तुमच्याच गाडीचं झालेलं नुकसान पण त्यात. जुनी सेकंडहँड गाडी असेल तर टाइलकास्को पुरतं असं माझं मत, लोनवर नवी घेतली असेल तर बँकच फोलकास्को मागते.

आता हप्ता कशावर ठरतो ते बघा, कारण पहिला आकडा बघून घाम फुटतो. इथे अपघाताविना किती वर्षं गेली त्यावर एसएफ क्लास असतो, नवा माणूस शून्यापासून, लायसन्सला तीन वर्षं झाली असतील तर साधारण 'एसएफ अर्धा' या क्लासपासून. तुमचा भारतातला ५० टक्के नो क्लेम बोनस इथे आपोआप धरत नाहीत. भारतीय लायसन्सची वर्षं धरायची का नाही हे कंपनी-कंपनीवर आहे, म्हणून ऑनलाइन फॉर्ममध्ये लायसन्सची तारीख टाकताना अंदाजानं भारतातली तारीख ठोकून देऊ नका, आधी ईमेल करा की लायसन्स भारतात अमुक साली मिळालं, इथलं अमुक तारखेला, यातलं कुठलं धरताय, आणि उत्तर जपून ठेवा. चुकीची तारीख क्लेमच्या वेळी बाहेर आली की महागात जातं. कंपनी बदलायची असेल तर बहुतेक पॉलिसींना ३० नोव्हेंबरच्या आत नोटीस पोचावी लागते.

फॉर्ममध्ये गाडी कोण चालवणार हे पण विचारतात, फारक्राइस. आम्ही दोघांचीच नावं दिली होती, मग उन्हाळ्यात बाबा आले, परमिट घेऊन आले होते बिचारे, आणि त्यांना बोडेनसे नावाच्या तळ्यापर्यंत चालवायची होती. यादीत नसलेल्यानं चालवून ठोकली तर थर्ड पार्टीचे पैसे समोरच्याला मिळतात पण कंपनी तुमच्याकडून जादा हप्ता किंवा पेनल्टी लावते. एक फोन केला, दोन आठवड्यांसाठी जादा ड्रायव्हर जोडून दिला, थोडे पैसे लागले. बाबांनी पार्किंगमधून गाडी बाहेर काढली, ट्रामचे रूळ बघितले आणि किल्ली परत दिली, ते सोडा.

भाड्याची गाडी घेताना ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिटवर बरेच जण गाडी देत नाहीत. सेल्ब्स्टबेटाइलिगुंग किती ते वाचा, म्हणजे नुकसान झालं तर पहिले किती युरो तुमच्या खिशातून. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडला न्यायची असेल तर काउंटरवर सांगूनच न्या. आणि गाडी घेताना चारी बाजूंनी, चाकांच्या रिमसकट मोबाइलवर व्हिडिओ काढा, आम्ही एकदा आळस केला आणि आधीच्याच ओरखड्याचे पैसे भरून बसलो.

शेवटी ठोकाठोकीचं. पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीला घासलं तर वायपरखाली चिठ्ठी ठेवून निघून जायचं नाही, नाव, नंबर, सगळं खरं लिहिलं असलं तरी नाही. इथे ते अपघात करून पळून जाणं धरतात आणि तो पण फौजदारी गुन्हा. मालकाची वाट बघायची, तो आला नाही तर पोलिसांना फोन करायचा आणि ते येईपर्यंत तिथेच थांबायचं. आपल्याला चिठ्ठी ठेवणं म्हणजे प्रामाणिकपणाची कमाल वाटते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

परीक्षा पास झालात की नवीन कार्ड हातात देताना तुमचं भारतीय लायसन्स काढून घेतात. हो, खरंच घेतात, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं आणि मी काउंटरवर एमएच-१४ चं कार्ड घट्ट धरून उभी. त्यामुळे आधी घरी दोन्ही बाजूंचा स्वच्छ स्कॅन करून ठेवा, पहिल्यांदा कधी मिळालं ती तारीख इन्शुरन्सवाले नंतर विचारतात. आणि पुढच्या सुट्टीत पिंपरीत बाबांची वॅगनआर चालवायची असेल तर त्याच काउंटरवर इंटरनॅशनल परमिटचा अर्ज करा, एक फोटो आणि थोडी फी लागते.